दीड गुंज सोनं, पाच दिवसांची मजुरी

गेल्या एप्रिलात एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही अकरा माणसं पंखा बंद करून बसलो होतो. पुण्याचा एप्रिल, डोक्यावर पत्रा, आणि चुकून कुणी पंखा लावू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी. कारण समोर टेबलावर सोन्याचा वर्ख होता, आणि तो पंख्याच्याच काय, साध्या शिंकेच्या वाऱ्यानंही उडून जातो. काचेवर सोन्याची अक्षरं कशी चढवतात हे शिकवणारी ती दोन दिवसांची कार्यशाळा. शिकवणारी मुलगी तिशीतली, कमर्शियल आर्ट शिकलेली, जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून सहा वर्षं एवढंच करणारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक जण तळहाताएवढ्या काचेवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर घेऊन घरी निघाला. फोटो निघाले. एका बाईंनी तिचा हात हातात घेऊन ‘लुप्त होत चाललेली कला तू जिवंत ठेवते आहेस गं’ असं सांगितलं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, ‘वर्षभरात पाट्या किती केल्यास?’

‘दोन, काका. त्यातली एक मामाच्या दवाखान्याची. म्हणजे ती धरूच नका.’

‘आणि कार्यशाळा?’

‘चौदा.’

चौदा कार्यशाळा आणि एक पाटी. हिला कलेचं पुनरुज्जीवन म्हणायला मी तयार नाही. ही छंदवर्गाची भरभराट आहे. छंदवर्ग वाईट नसतात, मी स्वतःच पैसे भरून तिथं बसलो होतो. पण जो धंदा शिकवण्यावर चालतो आणि करण्यावर चालत नाही, तो पुढच्या पिढीला काय देणार? आणखी शिकवणारे. माझं म्हणणं सरळ आहे: अशा कामाला सत्कार नको, अनुदान नको, गिऱ्हाईक हवं. आणि पुण्यात ते पहिलं गिऱ्हाईक होण्याची जबाबदारी महापालिकेची आहे.

काम कळल्याशिवाय दाम पटत नाही, म्हणून आधी काम. काच खडूच्या भुकटीनं घासून इतकी स्वच्छ करावी लागते की बोटाचा ठसा राहिला तरी तिथं सोनं डागाळतं. मजकुराचा कागद काचेच्या दर्शनी बाजूला चिकटवायचा आणि काम करायचं मागच्या बाजूनं. म्हणजे पेंटर आत, वाचणारा बाहेर, आणि पेंटरच्या डोळ्यांना प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. सोनं चिकटवायला गोंद नाही की सरस नाही. औषधाच्या कॅप्सूलचं रिकामं टरफल जिलेटिनचं असतं. तशी एक-दोन टरफलं भांडंभर गरम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली की झालं. हे पाणी काचेवर सोडायचं. मग खारीच्या केसांचा पातळ, चपटा ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवायचा. कातडीचा अगदी किंचित तेलकटपणा त्याला लागतो आणि तेवढ्यावर तो वर्ख उचलतो. आठ सेंटिमीटरचं ते चौकोनी पान ओल्या काचेजवळ नेलं की शेवटचं बोटभर अंतर ते आपण होऊन उडी मारून कापतं. आमच्या अकरा जणांपैकी नऊ जणांचं पहिलं पान दुमडलं. माझं तर माझ्याच अंगठ्याला लागलं, आणि रात्री वरणभात कालवताना अंगठा चमकत होता.

ओलं असताना सोनं मळकं आणि सुरकुतलेलं दिसतं. एवढी खटपट कशासाठी केली असं वाटतं. पाणी सुकत जातं तशा सुरकुत्या काचेला बसतात आणि एका क्षणी समोरून बघितलं तर तिथं आरसा असतो, पिवळा आरसा. त्याला बारीक भेगा असतात, म्हणून दुसरा थर. मग मागून काळ्या रंगानं उलटी अक्षरं रंगवायची, रंग पूर्ण वाळू द्यायचा आणि रंगाबाहेर उरलेलं सोनं ओल्या कापसानं पुसून टाकायचं. रंगाखालचं सोनं तेवढं राहतं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, तिथं दोन पानांमधला सांधा अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत लपवता येतो. आपली शिरोरेषा एकाही पानाला सोडत नाही. ती सांध्यावरून सरळ जाते आणि सांधा उघडा पाडते. त्यावर शिकवणाऱ्या मुलीनं शोधलेला उपाय म्हणजे दुसऱ्या थराची पानं पहिल्या सांध्यांवर बसतील अशी अर्ध्यानं सरकवून लावायची, विटांचं बांधकाम करतात तशी. आणि शिरोरेषेची वरची कड सगळ्यात शेवटी, एका दमात, श्वास रोखून.

आता दाम. लोकांना वाटतं, सोन्याची पाटी म्हणजे सोन्याचा खर्च. हा वर्ख साधारण एक दशांश मायक्रॉन जाडीचा. सोन्याच्या घनतेनं हिशेब मांडला तर एक चौरस फूट काच एकदा मढवायला जेमतेम 0.18 ग्रॅम सोनं लागतं. जुन्या मापात सांगायचं तर दीड गुंज. दहा ग्रॅममध्ये पन्नास चौरस फुटांहून जास्त काच मढेल. दोन थर धरा, वर्ख बनवणाऱ्याची मजुरी धरा, पुसून वाया जाणारं धरा, तरी एका दुकानाच्या पाटीत सोनं लागतं ते लोकांना वाटतं त्याहून फारच कमी. महाग आहेत ते पाच दिवस. रेखाटन, सफाई, दोन थर, मागचा रंग, वाळवण, कडा. गिऱ्हाइकाला दीड गुंज सोन्याचे पैसे देताना दुःख होत नाही, पाच दिवसांच्या मजुरीचे देताना होतं. सोनाराकडे घडणावळीवरून हुज्जत घालणारी माणसं आपण, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

हे काम ती शिकली ते मुख्यतः परदेशी कारागिरांचे व्हिडिओ बघून आणि पदरचे वर्ख वाया घालवून. तिच्या भिंतीवर इंग्लंडातल्या डेव्हिड एड्रियन स्मिथच्या कामांचे फोटो आहेत. हा डेव्हॉनमधल्या टॉर्की गावचा कारागीर. साईन पेंटरच्या हाताखाली रीतसर उमेदवारी केली, वर्षानुवर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि मग काचेवरच्या सोन्याकडे वळला. 2012 मध्ये जॉन मेयर या अमेरिकन गायकाच्या अल्बमचं मुखपृष्ठ त्यानं काचेवर केलं आणि जगभरातल्या डिझायनर मंडळींचं लक्ष तिकडे गेलं. त्याचं कौतुक करणारे सगळे त्याच्या हाताचं कौतुक करतात. मला त्याच्या गिऱ्हाइकांचंही करावंसं वाटतं. कुणी गायक, कुणी व्हिस्कीवाला येऊन म्हणाला की आम्हाला हेच हवं आणि त्याचे हे पैसे. ते आले नसते तर स्मिथही आज शनिवार-रविवारी अकरा माणसांना पहिलं अक्षर शिकवत बसला असता.

ही कला तशी कुणा एकाची नाहीच. तिचं ‘व्हेर एग्लोमिझे’ हे फ्रेंच नाव पडलं ते अठराव्या शतकातल्या ग्लोमी नावाच्या पॅरिसच्या सजावटकारावरून, पण काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पत्रा घालून केलेले रोमन पेले त्याच्या कितीतरी शतकं आधीचे. आपल्याकडे काचेच्या मागून उलटं चित्र काढण्याची रीत अठराव्या शतकात चिनी कारागिरांच्या मार्फत आली आणि सातारा, कच्छ, म्हैसूर, तंजावर अशी पसरली. तंजावरच्या काचचित्रांत तर सोन्याचा वर्ख सर्रास असतो. राजस्थानातल्या प्रतापगढची थेवा कला म्हणजे रंगीत काचेवर सोन्याची जाळी वितळवून बसवणं. आपल्या शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात जाऊन काचेवरची जुनी चित्रं बघा, मग ‘परदेशी फॅड’ म्हणून नाक मुरडा.

ब्रिटनमध्ये 2017 साली हेरिटेज क्राफ्ट्स असोसिएशननं धोक्यातल्या हस्तकलांची लाल यादी काढली. त्यात चार कला ‘नामशेष’ या सदरात होत्या, आणि त्यातल्या दोन वाचून मी थबकलो: सोनं कुटून वर्ख बनवणं आणि हातानं क्रिकेटचा चेंडू शिवणं. चेंडू! मेरठ आणि जालंधरला आज या क्षणी माणसं चेंडू शिवत बसली असतील. वर्ख कुटणारेही आपल्याकडे आहेत. काजूकतलीवरची चांदी कुणीतरी कुटतंच की. तिकडच्या माणसांचे हात काही एका रात्रीत आखडले नव्हते. ऑर्डर सरकली, तसं काम सरकलं. कौशल्य आधी मरतं आणि मग मागणी संपते, असा आपला समज असतो. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो.

वर्खावरून एक आठवलं. या मुलीकडे एक मिठाईवाले पाटीची चौकशी करायला आले होते. सगळं पसंत पडलं आणि मग त्यांनी विचारलं, ‘हे शाकाहारी आहे ना?’ 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं चांदीचा वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिजन्य पदार्थ वापरायला बंदी केली, तेव्हापासून ही मंडळी वर्ख म्हटलं की सावध असतात. तिनं प्रामाणिकपणे जिलेटिनचं, म्हणजे ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून निघतं हे, सांगून टाकलं. पाटी गेली.

पुण्यात पाट्यांचं कौतुक काय सांगावं! दुपारी एक ते चार बंद, आमची कोठेही शाखा नाही, येथे पत्ता विचारू नये. या वाक्यांवर आपण विनोदाचे संग्रह काढले, चहाचे मग छापले. पण ती वाक्यं ज्या हातानं लिहिली त्याची आठवण कुणी ठेवली? लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात आमचं चष्म्याचं दुकान. त्याच्या दारावर माझ्या लहानपणी काचेवर सोनेरी अक्षरांत नाव होतं, काळ्या कडेचं. ते लिहिणारे पेंटर दुकानाच्या आत स्टुलावर बसून उजवीकडून डावीकडे लिहीत होते आणि मी फुटपाथवर उभा राहून ते डावीकडून उजवीकडे उमटताना बघत होतो. त्यांचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ मराठी वळणाचा. आज बाजारातल्या निम्म्या मराठी पाट्यांवर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, कारण कॉम्प्युटरवर जो फॉन्ट आधी सापडेल तो खरा. त्या पेंटरना कुणी वळण शिकवणारा शासन निर्णय लागला नव्हता.

मग फ्लेक्स आला. पेंटर मंडळींनी ब्रश ठेवले. काहींनी फ्लेक्सचीच दुकानं टाकली आणि त्यांना मी दोष देणार नाही. पोट कुणाला चुकलंय?

या मंडळींसाठी सरकारनं काही केलं का, असं कुणी विचारलं तर पीएम विश्वकर्मा योजनेकडे बोट दाखवता येतं. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली. अवजारांसाठी 15 हजार रुपये, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत स्वस्त कर्ज. अठरा व्यवसाय त्यात आहेत: सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी, अगदी कुलपं करणारे आणि मासेमारीची जाळी विणणारेही. पेंटर नाही. पाटी रंगवणारा माणूस या देशाच्या प्रत्येक गावात होता आणि त्याला कुणी कारागीर म्हणून मोजलंच नाही. पण तो यादीत असता तरी मी फार हुरळलो नसतो. अवजारं आणि कर्ज त्यालाच उपयोगाचं, ज्याच्याकडे काम आहे. नाहीतर तीन लाख फेडायचे कशातून, कार्यशाळांतून?

आणि याच काळात कामाचा केवढा मोठा डोंगर समोरून निघून गेला ते बघा. 2022 मध्ये दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असं ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. दोन महिन्यांत महाराष्ट्रभर पाट्याच पाट्या. मराठी अक्षर हातानं घडवणाऱ्या माणसाला इतकी मोठी संधी पुन्हा कधी येणार? आणि झालं काय? रातोरात फ्लेक्स छापले गेले. कायद्यानं अक्षराची उंची बघितली, अक्षर बघितलं नाही. दंड करणाऱ्यानं पट्टी लावून मोजावं एवढंच काम उरलं. मी मराठी पाटीचा कट्टर पुरस्कर्ता आहे, म्हणून हे जास्त लागतं. तीन पावसाळ्यांत रंग उडून ज्याच्या चिंध्या लोंबणार आहेत, त्या प्लास्टिकवर आपण आपल्या भाषेचा मान टांगला.

इथं कुणी म्हणेल, टांगे गेले तेव्हा रडलात का? रास्त प्रश्न आहे. प्रत्येक जुनी गोष्ट जगवली पाहिजे असं मी म्हणत नाही. माझी कसोटी एवढीच, की जे आलं ते गेलेल्यापेक्षा तेच काम बरं करतं का? टांग्यापेक्षा रिक्षा करते, निदान मीटरनं आली तर. पण फ्लेक्स किंवा व्हिनाइल काचेवरच्या सोन्यापेक्षा चांगलं काय करतं? लवकर होतं आणि स्वस्त असतं, एवढंच. सोनं गंजत नाही, काळवंडत नाही, आणि इथं तर ते काचेच्या पाठीमागे बसलेलं, म्हणजे ऊन-पाऊस काचेनं सोसायचा. त्याला वीज लागत नाही. दुकानदार दर तीन वर्षांनी फ्लेक्स बदलतो त्याचा तीस वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रस्त्यात खड्डे आणि तुम्हाला सोन्याच्या पाट्या! हा आक्षेप ऐकला की मी गप्प होतो, कारण माझी स्कूटरही त्याच खड्ड्यांतून जाते. पण मी महापालिकेला नवा पैसा काढायला सांगत नाहीये. पालिका पाट्यांवर खर्च करतेच. चौकांची नावं, वाड्यांपुढचे माहितीफलक, उद्यानं, नाट्यगृहं, कचेऱ्यांची दारं. स्टीलचे फलक, त्यावर चिकटवलेलं व्हिनाइल, दोन वर्षांत सोललेलं. त्यातल्या मोजक्या ठिकाणी, विश्रामबागवाडा, मंडई, अशा जिथं इमारतीलाच शंभर-दोनशे वर्षं झाली आहेत तिथं, दारावरच्या काचेवर हातानं लिहून घ्या. वर्षाला वीस पाट्या म्हणा. वीस पाट्यांवर एक माणूस आणि त्याच्या हाताखाली एक उमेदवार जगतो. उमेदवार हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दोन दिवसांच्या कार्यशाळेत पान उचलता येतं, शिरोरेषा येत नाही. ती यायला कुणाच्या तरी शेजारी वर्षभर बसावं लागतं, आणि वर्षभर बसायचं तर त्या माणसाकडे वर्षभराचं काम असावं लागतं.

हे स्वप्नरंजन नाही, कारण कसबा पेठेतल्या तांबट आळीत आपण असं घडताना बघितलं आहे. पेशवाईत कोकणातून आलेले हे कारागीर. स्टील आलं आणि हंडे-घंगाळी गेली. घंगाळ्याची महती गाणाऱ्या लेखांनी तांबटांची चूल पेटली नाही. इंटॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्था आणि काही डिझायनर मंडळी तिथं गेली, त्याच मठारकामातून आजच्या घरात चालतील अशी दिव्यांची झाकणं, ताटल्या, तांबे मागितले आणि ठोक्यांचे पैसे दिले. आळीतला ठोक्यांचा आवाज अजून पूर्ण थांबलेला नाही तो यामुळे. सगळं आलबेल आहे असं नाही, पुढची पिढी कितपत बसेल ही काळजी तिथंही आहेच. पण निदान तिथं बसायला काम आहे.

अडतं कुठं, तर निविदेत. हा भाग रटाळ आहे, पण खरी मेख इथंच आहे. सगळ्यात कमी दराला काम, मागच्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा, अनामत भरा, आणि मालाचं वर्णन आधीच ठरलेलं: एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियम-प्लास्टिकची शीट, अमुक मिलिमीटर. एकट्या बाईनं चालवलेली कार्यशाळा या चाळणीतून कशी पडावी? एका सरकारी कार्यालयात मी याची चौकशी करायला गेलो होतो. समोरच्या गृहस्थांनी मला चहा पाजला, मुलीचं काम मोबाइलवर बघून मनापासून ‘वा’ म्हटलं आणि मग विचारलं, ‘पण डीएसआरमध्ये आयटम आहे का?’ डीएसआर म्हणजे सरकारी कामांची दरसूची. त्यात जे नाही ते सरकारच्या लेखी जगात नाही. त्यांचंही चूक नव्हतं. उद्या लेखापरीक्षणात त्यांनाच विचारतील की ही पाटी या भावानं का घेतली.

आता माझ्या घरचं सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे लोकांना ब्रह्मज्ञान होईल. आमच्या दुकानाच्या दारावरची ती काच फर्निचर बदलताना फुटली. नवी काच बसवली त्यावर आम्ही इंग्रजीत व्हिनाइल लावलं, आणि 2023 च्या नोव्हेंबरात मुदत संपायला चार दिवस असताना वर मराठी फ्लेक्स टांगला. ज्या दुकानाला मराठी पाटीसाठी कायद्याची कधी गरजच पडली नसती, त्यानं दंडाच्या भीतीनं मराठी पाटी लावली. ते बिल मीच चुकतं केलं, चुलतभाऊ गावाला गेला होता. फुटलेल्या काचेचा ‘ल’ असलेला तुकडा माझ्या कपाटात आहे. मागचा काळा रंग टवके उडून गेलाय, पण समोरून सोनं आहे तसंच आहे. कार्यशाळेनंतर तो तिला दाखवायला नेला. तिनं भिंग लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, ‘दोन नाही, तीन थर आहेत काका. कुणी बघणार नव्हतं तरी.’

तिची पाटी आता आम्ही सांगितली आहे. चुलतभाऊ आकडा ऐकून म्हणाला की एवढ्यात दोन एलईडी बोर्ड आले असते, आणि त्याचं गणित बरोबर आहे. पण एका चष्म्याच्या दुकानानं तिचं वर्ष निघत नाही, म्हणून त्या कार्यालयातल्या गृहस्थांसाठी मी एक ओळ लिहून ठेवली आहे. पुढच्या दरसूचीत कुठंही बसवावी: ‘काचेच्या मागील बाजूस सोन्याच्या वर्खात हाताने अक्षरे लिहिणे, दोन थर, मराठी वळणाचे ल व श, मागील रंग व व्हार्निशसह, पाच वर्षांच्या देखभालीसह. मोजमाप: प्रति अक्षर, शिरोरेषा स्वतंत्र.’ दराचा रकाना रिकामा ठेवलाय. तो तिनं भरायचा.